‘हिज’ म्हणजे नेमके कोणाचे? इंग्रजी वाक्यांची अर्थचाचणी कशी आखावी

‘एव्हरी फार्मर वेड हिज सॅक’ या इंग्रजी वाक्याचे दोन अर्थ होतात. प्रत्येक शेतकऱ्याने स्वतःचे पोते तोलले, हा बद्ध अर्थ. आधी उल्लेख झालेल्या तिसऱ्याच माणसाचे पोते सगळ्यांनी तोलले, हा बाह्य अर्थ. मराठीत हे काम ‘आपले’ आणि ‘त्याचे’ बऱ्याच अंशी वाटून घेतात. त्यामुळे सांगलीतील मराठी माध्यमाचा विद्यार्थी ‘हिज’ला ‘त्याचे’ समजून बाह्य अर्थाकडे झुकतो का, हे तपासण्याजोगे आहे. मात्र वाक्याचा अर्थ थेट विचारू नये, कारण माणूस पहिला सुचलेला अर्थ सांगून मोकळा होतो आणि दुसरा त्याला मान्य आहे की नाही, हे कळतच नाही. त्याऐवजी चित्रांतून प्रसंग दाखवावा, वाक्य ऐकवावे आणि ते खरे की खोटे, एवढेच विचारावे.

समजा, मार्केट यार्डात तीन शेतकरी हळद घेऊन आले आहेत आणि अडत्याचेही एक पोते काट्याजवळ आहे. पहिल्या प्रसंगात तिघेही आपापले पोते तोलतात आणि अडत्याच्या पोत्याला कोणी हात लावत नाही. दुसऱ्या प्रसंगात काटा बरोबर आहे का, हे पाहण्यासाठी तिघेही आळीपाळीने अडत्याचेच पोते तोलतात. पहिल्यात वाक्य केवळ बद्ध अर्थाने खरे ठरते, दुसऱ्यात केवळ बाह्य अर्थाने. ऐकणारा सहसा वाक्य खरे ठरवणारा अर्थ शोधतो, म्हणून अशा मांडणीतही तो ‘खोटे’ म्हणाला, तर तो अर्थ त्याला मान्य नसल्याचा पुरावा भक्कम होतो. अर्थात, वाक्याच्या लगेच आधी अडत्याचा उल्लेख झालेला हवा; नाहीतर अडत्या ऐकणाऱ्याच्या ध्यानातच नसेल.

प्रसंग मराठीत सांगणार असाल, तर ‘आपले पोते’ किंवा ‘त्याचे पोते’ हे शब्द कटाक्षाने टाळून ‘तासगावच्या शेतकऱ्याचे पोते’ असेच म्हणावे, कारण त्या शब्दांतून उत्तर आधीच सुचवले जाते.

याच चित्रांवर ‘नो फार्मर वेड हिज सॅक’ हे वाक्यही तपासता येते, आणि ते माझ्या मते अधिक उपयोगी आहे: येथे बद्ध अर्थ दुसऱ्या प्रसंगात खरा ठरतो आणि बाह्य अर्थ पहिल्यात, म्हणजे आधीच्या वाक्याच्या नेमके उलट; त्यामुळे वाक्याकडे लक्ष न देता केवळ चित्र पाहून उत्तर देणारा ओळखता येतो. तरीही सगळ्यालाच ‘खरे’ म्हणणारा आणि दोन्ही अर्थ मान्य असणारा यांची उत्तरे सारखीच दिसतात, म्हणून उघड खोटी असलेली इतर वाक्ये मधूनमधून पेरावीत.

एकाच व्यक्तीला एकच वाक्य दोन्ही प्रसंगांत देऊ नये; निरनिराळे प्रसंग रचून वाक्य-प्रसंगांच्या जोड्यांच्या वेगवेगळ्या याद्या कराव्यात आणि प्रत्येकाला त्यांतली एकच द्यावी. ‘हिज’वर जोर पडला की अर्थ बदलू शकतो, म्हणून वाक्ये एकाच आवाजात, सपाट सुरात ध्वनिमुद्रित करावीत. ‘खोटे’ म्हणणाऱ्याला कारण विचारून ते त्याच्याच शब्दांत टिपावे. मराठी वाक्यांची जोडचाचणी घ्यायची असल्यास ती इंग्रजीनंतर, काही दिवस जाऊ देऊन घ्यावी, आणि गटाच्या सरासरीआधी प्रत्येकाची दोन्ही भाषांतील उत्तरे शेजारी ठेवून पाहावीत.