हायड्रेंजियाची छाटणी: श्रावणातच उरका

महाबळेश्वरहून निळ्या गेंदांनी भरलेली हायड्रेंजियाची कुंडी आणायची, आणि पुढच्या वर्षी पुण्यात तिला एक तर गुलाबी फुलं यावीत नाही तर नुसतीच पानं. ही तक्रार घरोघरी ऐकू येते. झाडात खोट नसते. फसतं ते छाटणीच्या वेळेत आणि पाण्यात.

आधी छाटणी, कारण तिचे दिवस आत्ता आहेत. गुलाबाच्या सवयीने आपण दिवाळीनंतर सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, हातात घेतो. हायड्रेंजियाचं तसं नाही. बागेतल्या नेहमीच्या गेंदेदार जातीत पुढच्या हंगामाच्या कळ्या यंदाच्या फांद्यांच्या शेंड्याकडच्या डोळ्यांत (फुटव्याच्या कोंबांत) थंडीतच तयार होतात. हिवाळ्यात शेंडे उडवले की फुलंच उडाली. म्हणून गेंद सुकू लागला की लगेच छाटा. फुलाखाली उतरत या. पानांच्या बगलेत समोरासमोर दोन टपोरे डोळे दिसतील, त्यांच्या जरा वर काप द्या. त्याहून खाली जाऊ नका. झाड तीन-चार वर्षांचं झालं असेल तर सर्वांत जुन्या, करड्या पडलेल्या एक-दोन फांद्या मात्र बुडातून काढा.

आता रंग. महाबळेश्वरची जांभ्याची माती अतोनात पावसाने धुऊन आम्लधर्मी झालेली असते. अशा मातीतलं अ‍ॅल्युमिनियम मुळांना मिळतं आणि फूल निळं होतं. सामू, म्हणजे मातीची आम्लता दाखवणारा pH, साधारण 5 ते 5.5 असला की निळा, 6.5 च्या वर गेला की गुलाबी. पांढऱ्या जाती मात्र पांढऱ्याच राहतात, त्यांच्यामागे लागू नका. देशावरच्या काळ्या मातीत चुनखडी असते, बोअरच्या पाण्यातही. कुंडीच्या काठावर पांढरा थर धरला असेल किंवा कोरड्या मातीवर व्हिनेगर टाकल्यावर फेस आला, तर चुना आहेच. अशा मातीत कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसतात. झाडाला लोह मिळत नसतं. यावर पावसाचं पाणी साठवून घालण्यासारखा उपाय नाही. पिंपं आत्ताच भरून ठेवा. निळा रंग हवा असेल तर लिटरमागे 2-3 ग्रॅम तुरटी विरघळवून, कळ्या दिसण्याआधी, दर पंधरा दिवसांनी ओल्या मातीत घाला. राख, हाडांचा चुरा आणि सुपर फॉस्फेट टाळा.

जागा सकाळच्या उन्हाची, दुपारच्या सावलीची. भर दुपारी पानं माना टाकतात, तेव्हा लगेच पाणी ओतू नका. बोट दोन पेरं मातीत घाला. ओल लागली तर संध्याकाळपर्यंत झाड आपोआप सावरतं. ओल्या मातीत पाणी ओतत राहिलात तर मुळं कुजतात. पावसात कुंडीखालची ताटली काढून ठेवा.

मुंबई-ठाण्याकडच्यांना स्पष्ट सांगते: कळी धरायला काही आठवडे गार रात्री लागतात. तिथे झाड जगेल, पण दरवर्षी फुलेलच असं नाही.

फूल न आलेल्या फांद्यांची बोटभर लांबीची कलमं आत्ता वाळू आणि कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) सावलीत लावा. वरची पानं अर्धी कापा, महिन्याभरात मुळं धरतात. उरलेली छाट शेळ्या-गुरांपुढे मात्र टाकू नका, कुत्र्यालाही चघळू देऊ नका. हे झाड त्यांना विषारी आहे.