कॉस्टकोचं कार्ड काढण्याआधी

अमेरिकेत नवीन आल्यावर बँकेत खातं उघडलं, सोशल सिक्युरिटीचा अर्ज झाला, फोन घेतला, की ऑफिसमधलं कुणीतरी विचारतंच, "अजून कॉस्टकोचं कार्ड नाही काढलंत?" (कॉस्टको म्हणजे वर्षाची फी भरून मेंबर झालेल्यांसाठीचं, गोदामासारखं मोठं दुकान. बोलताना मधला ट गिळायचा, 'कॉस्को' म्हणायचं.) आमच्या खालच्या मजल्यावर पुण्याहून नवीन जोडपं आलंय. त्यातली मुलगी तीन महिन्यांपूर्वी जिन्यात थांबून म्हणाली, "काकू, नुसतं दुकानात शिरायचे पैसे? डी-मार्टने असं केलं तर लोक दुकान डोक्यावर घेतील!"

तिचं काही चुकलं नाही. मीही अठरा वर्षांपूर्वी न्यू जर्सीत एडिसनला आले तेव्हा हेच म्हटलं होतं. पण मग आईचं आठवलं. डोंबिवलीत ती मुंबई ग्राहक पंचायतीच्या संघात होती. महिन्याची यादी आधी भरून द्यायची, माल एका घरी उतरायचा, आणि बायका मिळून ज्याचं त्याचं सामान लावायच्या. 1975 पासून चालत आलेली ही पद्धत. सभासद व्हा, मोजक्या वस्तू एकगठ्ठा घ्या, मधल्या माणसाचा नफा वाचवा. इथला वेअरहाऊस क्लब त्याच कल्पनेचा धंदेवाईक चुलतभाऊ आहे. फक्त इथे सामान लावायला बायका जमत नाहीत, अख्खं खोकं आपल्याच घरी येतं, आणि सगळी गोम तिथेच आहे.

खोकी एवढी मोठी का, तर ही दुकानं मुळात घरगुती गिऱ्हाइकासाठी नव्हतीच. 1976 मध्ये सॅन दिएगोत विमानाच्या जुन्या हँगरमध्ये 'प्राइस क्लब' सुरू झाला तो छोट्या दुकानदारांसाठी, हॉटेलवाल्यांसाठी. कॉस्टको 1983 चं, सिअ‍ॅटलचं. 1993 मध्ये दोन्ही एक झाले. आजही आत साधारण चार हजारच प्रकारचा माल असतो. नेहमीच्या सुपरमार्केटात याच्या कितीतरी पट असतो. मालावर जास्तीत जास्त 14 टक्के, स्वतःच्या 'कर्कलंड' छापावर 15 टक्के, याहून जास्त चढवायचं नाही असा त्यांचा नियम. मग कमाई कशावर? मुख्यतः आपण भरतो त्या फीवर. म्हणजे तुम्ही कार्ड काढलंत आणि वर्षभर गेलाच नाहीत, तर त्यांचं काहीच बिघडत नाही.

आता आकडे. 1 सप्टेंबर 2024 पासून साधी मेंबरशिप वर्षाला 65 डॉलर, वरच्या पायरीची एक्झिक्युटिव्ह 130. अशाच दुसऱ्या क्लबांपैकी सॅम्स क्लबने 2022 मध्ये साधी फी 50 केली, आणि आमच्या पूर्वेकडच्या बीजेजने 2025 च्या जानेवारीत 60. पासष्ट भागिले बारा, महिन्याला साडेपाच डॉलरच्या आत. दोन कॉफ्यांचे पैसे. म्हणून फीकडे बघून ठरवू नका, ती कुणालाही परवडते. ठरवायचं ते आपल्या घराकडे बघून: गाडी आहे का, फ्रीझर केवढा आहे, खाणारी तोंडं किती, आणि दुकान किती लांब.

माझं ऐकाल तर पहिले तीन महिने कार्ड काढूच नका. तोवर तुम्हाला स्वतःलाच ठाऊक नसतं की तुम्ही इथे काय खाणार आहात. तिकडे रोज पोळी-भाजी खाणारी माणसं इथे आल्यावर सकाळी दूध-सीरियलवर येतात, किंवा उलट, तिकडे पिझ्झा मागवणारी इथे येऊन वरणभाताला चिकटतात. फ्रिजच्या दारावर एक पाकीट चिकटवा आणि वाणसामानाची प्रत्येक रिसीट त्यात टाका. तीन महिन्यांनी चहा घेत ती सगळी टेबलावर पसरा. जी वस्तू दर महिन्याला येते, टिकते आणि जागा फार खात नाही, तिच्यापुढे खूण करा. अशा आठ-दहा खुणा निघाल्या तर कार्ड काढा. तीनच निघाल्या तर मैत्रिणीबरोबर जा.

आमच्या घरी पहिली खूण लोण्यापुढे आहे. बिनमिठाच्या लोण्याचे एकेक पौंडाचे चार डबे एकत्र मिळतात, म्हणजे एक किलो आठशे ग्रॅम. इथल्या लोण्यात किमान 80 टक्के स्निग्धांश असावाच लागतो, त्यामुळे कढवल्यावर जवळपास 1400 ग्रॅम तूप हाती येतं. जाड बुडाचं पातेलं घ्या, मध्यम आचेवर सगळं लोणी एकदम वितळू द्या, फेस येईल तो येऊ द्या. आधी तडतडीचा आवाज मोठा असतो, मग हळूहळू बारीक होत जातो. तो थांबत आला आणि तळाशी बेरी बदामी दिसू लागली की लगेच गॅस बंद करा. पातेलं गरम असतं, बेरी आणखी शिजत राहते. किचनचा एक्झॉस्ट आधीच लावा, नाहीतर स्मोक अलार्म वाजतो आणि वरच्या मजल्यावरचे आजोबा खाली येतात. इंडियन स्टोअरमधल्या बरणीशी पैशांची तुलना तुमची तुम्हीच करा, दर बदलत राहतात. मी अठरा वर्षांत तुपाची बरणी विकत घेतलेली नाही.

दुसरी खूण सुक्या मेव्यापुढे. बदाम, काजू, अक्रोड, पिस्ते. रोजच्या खाण्यापेक्षा भारतवारीच्या आधी याचा खरा उपयोग. 23 किलोची बॅग भरताना तीन पौंडांची पिशवी कपड्यांच्या मधे नीट बसते. पुण्याच्या बाजारातले बदामही बहुतेक कॅलिफोर्नियाचेच असतात हे मी मामेबहिणीला किती वेळा सांगितलंय, पण तिला अमेरिकेहून आलेलेच हवे असतात. त्या पिशवीवर कर्कलंड लिहिलेलं असलं की त्यांना म्हणे वेगळीच चव असते.

तिसरं पेट्रोल, म्हणजे इथलं गॅस. आमच्याकडे क्लबच्या पंपावर बहुतेक वेळा गॅलनमागे 20 ते 30 सेंट कमी पडतात. दहा गॅलन भरले की दोन-तीन डॉलर, महिन्यातून दोनदा भरलं तरी फी जवळपास इथेच वसूल. पण हे दुकान वाटेवर असेल तरच. जाऊन-येऊन तीस मैल पडत असतील तर वाचवलेले पैसे जायच्या-यायच्या पेट्रोलातच जातात, आणि शनिवारी पंपावरच्या रांगेत अर्धा तास जातो तो वेगळाच. न्यू जर्सीत गॅस आपल्या हाताने भरायचं नाही, माणूस भरतो. गाडीतून उतरून नळी उचलायला जाऊ नका.

बाकी चष्मा, टायर, भाड्याची गाडी. आज यांचं महत्त्व वाटणार नाही. पण चष्म्याची फ्रेम आणि काचा मिळून पहिलं बिल हातात आलं की माझी आठवण काढाल.

आता काय घेऊ नये. डाळी, मसाले, कोथिंबीर, कढीपत्ता, हिरव्या मिरच्या, शेंगदाणे, पोहे यांच्यासाठी ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानांत जा. दुसरा विचार करू नका. आणि पीठ! आले त्या वर्षी मी पंचवीस पौंडांचं पोतं उचललं होतं. वर 'ऑल पर्पज' लिहिलेलं. मला वाटलं, सगळ्याला चालतं तर पोळ्यांना का नाही. पहिल्याच दिवशी पोळी ताटातून उचलली की रबरासारखी परत आकसायची. तो मैदा होता. दिवाळी अडीच महिने लांब होती, तरी आम्ही शंकरपाळे खायला लागलो, पुढे खारे शंकरपाळे, मग नुसतेच नानकटाई. संपला तो संक्रांतीला. दोन माणसांच्या घरात पौंडभर पालकाचा डबाही तसाच. चौथ्या दिवशी तळाशी पाणी सुटतं. पाच डझन अंड्यांचं खोकं बघून मोह होतो, पण ते रूममेट चार असतील तर.

आंबे मात्र घ्या. वसंतात मेक्सिकोच्या पिवळ्या आटाउल्फोची पेटी येते. हापूस नव्हे, पण आमरसाच्या वाटीत वेलची घालून डोळे मिटले तर जमून जातं.

एक सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या: शेल्फवरच्या पाटीवर मोठ्या किमतीच्या शेजारी बारीक अक्षरात दर पौंडाची किंवा दर औंसाची किंमत असते, ती वाचा. खोकं मोठं म्हणजे स्वस्त, असं नेहमी नसतं. आमच्या शॉपराइट सुपरमार्केटात जानेवारीत 'कॅन कॅन' सेल लागतो तेव्हा डब्यातले छोले, टोमॅटो, राजमा कितीतरी वेळा क्लबपेक्षा खाली येतात, आणि तिथे आत शिरायला कुणी कार्ड मागत नाही. बीजेजमध्ये कंपन्यांची कुपनं चालतात, कॉस्टकोत चालत नाहीत. कुपनं कापायचा कंटाळा नसेल तर तिकडे बघा.

काउंटरवरची बाई तुम्हाला एक्झिक्युटिव्ह घ्या म्हणेल, गोड बोलून म्हणेल. वर्षभराच्या खरेदीचे दोन टक्के परत मिळतात, हे खरं. पण जास्तीचे 65 डॉलर भरून निघायला वर्षाला 3250 डॉलरची खरेदी हवी, म्हणजे महिन्याला साधारण 270. त्यात गॅस धरत नाहीत, फूड कोर्टही धरत नाहीत. दोघांच्या शाकाहारी घरात, अर्धं सामान ओक ट्री रोडवरून येत असताना, हा आकडा गाठणं अवघड. साधं कार्ड घ्या, वर्षाने रिसीटा मोजा, वर जायचं तर केव्हाही जाता येतं. आणि साधंही पटलं नाही, तर फी पूर्ण परत मिळते. काउंटरवर जाऊन सांगायचं, बस. आपल्याकडच्या सवयीने आपल्याला याची लाज वाटते. ती वाटू देऊ नका.

विद्यार्थ्यांनो, चार रूममेट्सनी मिळून एक कार्ड काढायचा बेत करत असाल तर ऐका. एका मेंबरशिपवर दोनच कार्डं मिळतात, दुसरं त्याच पत्त्यावर राहणाऱ्याला. कार्डावर फोटो असतो, आणि 2024 पासून दारातच ते स्कॅन करतात. मित्राचं कार्ड घेऊन जाणं आता जमत नाही. पण मेंबरबरोबर दोन पाहुणे आत जाऊ शकतात. पैसे मेंबरनेच द्यायचे, हिशेब मग घरी येऊन. चौघांची खरेदी एका गाडीत, लोणी-अंडी-दूध वाटून घेतलं, की झाला तुमचा संघ.

पैसे देताना एक पथ्य: कॉस्टकोच्या दुकानात क्रेडिट कार्ड फक्त व्हिसाचं चालतं. (2016 च्या जूनपर्यंत फक्त अमेरिकन एक्स्प्रेस चालायचं, तेव्हाची माणसं अजून त्या गोष्टी सांगतात.) नवीन माणसाला पहिलं क्रेडिट कार्ड मिळतं ते बऱ्याचदा दुसऱ्याच कंपनीचं. भरलेली ढकलगाडी काउंटरला लावून मग पाकीट चाचपत बसू नका. डेबिट कार्ड आणि रोख चालते. पिशव्याही घरून न्या. न्यू जर्सीत मे 2022 पासून प्लॅस्टिकच्या पिशव्या बंदच आहेत. तिथे फार तर रिकामी खोकी मिळतात.

बाहेर पडताना दारातला माणूस रिसीट बघतो, ढकलगाडीवर नजर टाकतो आणि एक रेघ ओढतो. माझे सासरे पहिल्यांदा आले तेव्हा इथे लालबुंद झाले होते. "पैसे भरलेत ना? मग चोर समजतात की काय?" माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. त्या माणसाने रिसीटच्या मागे पेनाने हसरा चेहरा काढून तिच्या हातात दिली. पुढच्या शनिवारी आजोबाच म्हणाले, चल, तुझं चित्र काढून आणू.

खालच्या मजल्यावरची मुलगी काल पाकीट घेऊन वर आली. खुणा निघाल्या पाच. गाडी त्यांची दोन महिन्यांनी येणार. तोवर महिन्याच्या पहिल्या शनिवारी ती माझ्याबरोबर येईल, मी पैसे देईन, ती तिचा वाटा 'झेल'ने, म्हणजे बँकेच्या यूपीआयसारख्या सोयीने, पाठवेल. लोण्याचे दोन डबे तिचे, दोन माझे. कालचं तूप तिने तिच्याच घरी कढवलं, मला फोनवर आवाज ऐकवत. बेरी जरा करपली, पण साखर घालून दोघांनी मिळून ती संपवली म्हणे.