जीएम, पारंपरिक, सेंद्रिय: सोयाबीनच्या प्रथिनांची तुलना कशी कराल

कुणी नमुने घेऊन आलं की मी आधी विचारते, वाण कोणता आणि शेत कुठलं? तुलना खरी ठरते ती तिथेच. यंत्राची पाळी नंतर येते.

जीएम हा जनुकातला बदल, तर सेंद्रिय ही शेतीची पद्धत. दोन्ही एकत्र बदलले, तर दिसलेला फरक कशामुळे आला हे कधीच कळणार नाही. म्हणून तुलना दोन करा. जीएम वाणाशेजारी त्याच्याच कुळातला, बदल न केलेला वाण लावा. जमीन, पेरणी, खत सगळं सारखं. सेंद्रिय आणि पारंपरिक (रासायनिक खत-फवारणीची) शेती तपासताना वाण एकच ठेवा, बदला फक्त खत-फवारणी. सेंद्रिय प्रमाणपत्राला जीएम बियाणं चालतच नाही, तेव्हा तिन्हींना एका रांगेत बसवायचा हट्ट सोडा. आणि प्रत्येक प्रकाराचे चार-पाच स्वतंत्र वाफे हवेतच. एकाच पोत्यातून पाचदा घेतलेले दाणे हे पाच नमुने होत नाहीत.

दाणे बारीक दळून हेक्झेनने तेल काढा. टीसीए (ट्रायक्लोरोॲसिटिक आम्ल)-अ‍ॅसिटोनमध्ये प्रथिनं खाली बसवली, की तो साका थंड अ‍ॅसिटोनने नीट धुवा. नमुना ज्यात विरघळवता त्या बफरमधला (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणातला) निळा रंग पिवळा पडला, तर आम्ल अजून उरलंय. तसा नमुना जेलवर (प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या थरावर) चढवू नका. एसडीएस (प्रथिनं उलगडणारा साबणासारखा पदार्थ) असलेल्या नमुन्यात प्रथिन किती हे मोजताना ब्रॅडफर्ड चाचणी फसवते. बीसीए चाचणी वापरा, तेही डीटीटी (प्रथिनांतले गंधकाचे बंध तोडणारं रसायन) घालण्याआधी.

जेलवर ग्लायसिनिन आणि बीटा-कॉन्ग्लायसिनिन यांचेच जाड पट्टे दिसतील, कारण दाण्यातलं बहुतेक प्रथिन तेच. तणनाशक सहन करणाऱ्या सोयाबीनमधलं सीपी४ ईपीएसपीएस हे बाहेरून आणलेलं प्रथिन सुमारे ४७ किलोडाल्टन (रेणूच्या वजनाचं एकक) वजनाचं, म्हणजे नेमकं त्याच गर्दीत. ते डोळ्यांनी शोधू नका. प्रतिपिंड (नेमक्या त्याच प्रथिनाला चिकटणारे रेणू) वापरून वेस्टर्न ब्लॉट किंवा एलायझा चाचणी करा. बाकीच्या प्रथिनांसाठी मास स्पेक्ट्रोमेट्री, म्हणजे तुकड्यांचं वजन मोजून प्रथिनं ओळखणं.

आता आकडे. २,००० प्रथिनं तपासली आणि ०.०५ ची मर्यादा (नुसत्या योगायोगाने फरक दिसण्याची पाच टक्के शक्यता) ठेवली, तर काहीच फरक नसतानाही शंभरेक प्रथिनं ‘वेगळी’ निघतील. बेंजामिनी-हॉकबर्ग दुरुस्ती (असे खोटे फरक आटोक्यात ठेवणारी गणिती पद्धत) केल्याशिवाय यादी कुणाला दाखवू नका. सोबत आणखी तीन-चार पारंपरिक (जीएम नसलेले) वाण त्याच शेतात घ्या. वाणावाणांतला नेहमीचा फरक किती, हे माहीत नसेल तर जीएममधला फरक मोठा की छोटा हे कशावरून ठरवणार?

गव्हावर हेच करणार असाल, तर प्रत्येक वाफ्याला किती नत्र मिळालं ते आधी लिहून ठेवा. सोयाबीन मुळांवरच्या गाठींतून हवेतला नत्र मिळवतं, गव्हाला ती सोय नाही. नत्र कमी पडला की ग्लुटेन (गव्हाचं मुख्य प्रथिन) घटतं आणि दोष सेंद्रिय पद्धतीच्या माथी जातो.