फटीगनंतरची नॅनोरचना तपासताय? दोष चक्रांना देण्याआधी या चुका टाळा

नायलॉन 6ची पट्टी लाख वेळा ताणली, स्मॉल अँगल एक्स-रे (लहान कोनांत विखुरलेल्या किरणांवरून नॅनोरचना दाखवणारी मोजणी) घेतला आणि आलेखातलं शिखर सरकलेलं दिसलं. ते फटीगनेच (वारंवार ताणल्याने पदार्थ थकण्याने) सरकलं, असं लगेच वहीत लिहू नका. उष्णता, दमट हवा आणि नुसता गेलेला वेळ, तिघांनाही हे जमतं.

सर्वात जास्त फसवते ती उष्णता. पॉलिमर प्रत्येक चक्रात (एकदा ताणून सोडण्यात) थोडी ऊर्जा उष्णता म्हणून पोटात ठेवतो आणि ती बाहेर टाकायला वेळ लावतो. 20-30 हर्ट्झवर चाचणी लवकर उरकते, पण नमुना आतून तापतो, स्फटिकांचे थर जाड होतात आणि आपण अॅनीलिंग (उष्णतेने होणारा रचनाबदल) मोजत बसतो. पंख्याने फक्त पृष्ठभाग गार होतो. 5 हर्ट्झच्या वर जाऊ नका; लाख चक्रांना साडेपाच तास लागतात, म्हणजे काम एका दिवसात होतं. गेज भागाचं (पट्टीच्या मधल्या, ताण बसणाऱ्या भागाचं) तापमान सतत नोंदवा. दोन-तीन अंशांहून जास्त चढलं तर वेग किंवा भार उतरवा.

मुंबईत दुसरा शत्रू हवेतच आहे. कोरड्या नायलॉन 6चं ग्लास ट्रान्झिशन (ज्या तापमानाच्या वर तो कडकपणा सोडून मऊ होतो ते) साधारण 50-60 अंशांना असतं. पुरेसं पाणी शोषलं की ते खोलीच्या तापमानाखाली घसरतं. म्हणजे जानेवारीतला आणि जुलैतला नमुना एकच पदार्थ राहत नाही. 80 अंशांच्या व्हॅक्यूम ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत सुकवा आणि चाचणी कोरड्या नायट्रोजनमध्ये घ्या. नाहीतर सगळेच नमुने 23 अंश, 50 टक्के आर्द्रतेला मुरवा आणि चाचणीही तिथेच करा. आधी-नंतर वजन करा. पॉलिप्रोपिलीनला ही कटकट नाही.

तुलनेसाठी एक नमुना मशीनशेजारी मोकळा ठेवा. दुसरा तितकाच वेळ सरासरी ताणावर स्थिर धरा. हा दुसरा बहुतेक जण गाळतात आणि मग क्रीपचा (स्थिर भाराखाली हळूहळू ताणलं जाण्याचा) परिणाम फटीगच्या नावावर जमा होतो.

एक्स-रेसाठी नमुना कापू नका. 1-2 मिमीची पट्टी आरपार चालते. खूण करून आधी-नंतर तीच जागा मोजा. डिटेक्टर 1 मीटरवर असताना नमुना 5 मिमी पुढेमागे झाला, तरी लाँग पीरियड (स्फटिकांच्या थरांमधलं सरासरी अंतर) अर्ध्या टक्क्याने हलतो. म्हणून दर वेळी सिल्व्हर बेहेनेटने (थरांमधलं अंतर ठाऊक असलेली भुकटी, 5.838 नॅनोमीटर) कॅलिब्रेशन करा. लहान कोनांत तीव्रता वाढली तर पोकळ्यांचा संशय घ्या, पण जाडी आणि ट्रान्समिशनची दुरुस्ती केल्यावरच. भार काढल्यावर काही पोकळ्या मिटतात. त्यामुळे मशीन थांबल्यापासून मोजणीपर्यंतचा वेळ सर्व नमुन्यांना सारखाच ठेवा.

डीएससीत (नमुना तापवत त्यात शिरणारी उष्णता मोजणाऱ्या चाचणीत) पहिलं तापवणंच वाचा. दुसऱ्या वेळेपर्यंत फटीगचा माग वितळून गेलेला असतो.