हिंदी प्रेसमधून मराठी स्मरणिका : प्रूफ वाचायची माझी रीत

इंदुरात मराठी मंडळं भरपूर, पण त्यांच्या स्मरणिका टाइप करणारा ऑपरेटर बहुधा हिंदीभाषी असतो. मुलगा हुशार, बोटं भराभर चालतात, पण हाताला वळण हिंदीचं. त्यामुळे इथे प्रूफ वाचायचं ते नेहमीच्या चुकांसाठी आणि वर हिंदीच्या सवयींसाठी.

आधी एक अट घाला. प्रूफ मोबाइलवर घ्यायचं नाही. "आंटी, पीडीएफ डाल दी है" असा निरोप आला की मी सांगते, कागदावर काढून दे, पाठकोरं आणि समास ऐसपैस सोडून. लेखकाची मूळ प्रतही मागून घ्या. ती हाताशी नसली तर गाळलेली ओळ सापडायची कशी?

पहिलं वाचन दोघांनी करायचं. एकाने मूळ प्रत विरामचिन्हांसकट मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने प्रुफावर पेन्सिल टेकवत जायचं. आमच्या घरी मोठ्याने वाचायचं काम यजमानांचं; ते 'स्वल्पविराम'सुद्धा आरतीच्या चालीत म्हणतात. लागोपाठच्या दोन ओळी एकाच शब्दाने सुरू होत असतील तिथे थांबाच. टाइप करणाऱ्याची नजर नेमकी तिथून खाली घसरते आणि मधला मजकूर गायब होतो.

ह्रस्वदीर्घ मात्र कानाला कळत नाही. 'परिक्षा' आणि 'परीक्षा' ऐकायला एकच. म्हणून दुसरं वाचन एकटीने, शब्दाशब्दावर थांबत. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम एकूण १८. त्यांतले १४ आले १९६२ साली आणि ४ नंतर, १९७२ मध्ये. सगळे पाठ नसले तरी चालेल, पण उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या, अक्षराचा नियम पक्का हवा. फूल पण फुलाला, वकील पण वकिलाला. शरीर तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द, म्हणून शरीराला, 'शरिराला' नाही. माझी निम्मी लाल शाई इथेच संपते.

मग तिसरी फेरी, फक्त हिंदीसाठी. 'समिति', 'कवि', 'शांति' यांची शेवटची वेलांटी दीर्घ करा. 'कि' दिसला की 'की' करा. 'आणि' मात्र ह्रस्वच राहतो. पूर्णविरामाच्या जागी उभा दंड आलेला असतो, तो काढा. 'राजवाड़ा'च्या ड खालचा नुक्ता पुसा, 'बैंक'ची 'बँक' करा. 'ळ'च्या जागी 'ल' येतो, तेव्हा काळे आडनावाच्या देणगीदाराचा 'काले' होतो आणि पुढच्या वर्षीची देणगी बुडते. अर्ध्या र कडेही बघा : 'आचार्यांचा सत्कार' म्हणजे गुरुजनांचा, 'आचाऱ्यांचा' म्हणजे भंडाऱ्याचा स्वयंपाक करणाऱ्यांचा. दोघेही सत्काराला पात्र, पण अहवालात अदलाबदल नको. मजकूर कृतिदेव या जुन्या हिंदी फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणलेला असेल तर रफार आणि वेलांट्या शेजारच्या अक्षरावर सरकतात. 'आशीर्वाद' हा शब्द तर दर वेळी तपासा.

ऑपरेटरला 'सगळीकडे बदल' ही सोय मात्र वापरू देऊ नका. एकाने 'होल' काढून सरसकट 'होळ' केलं. होळकर सुधारले, पण कापडवाल्याच्या जाहिरातीत 'होळसेल भाव' झाले. "एक ही बार में हो गया था," असं वर त्याचं म्हणणं!

खुणा समासात करा, ओळींच्या मध्ये खुपसू नका. ओळीत फक्त जागा दाखवायची, दुरुस्ती समासात, आणि एका ओळीत दोन-तीन असतील तर मध्ये तिरकी रेघ देऊन त्याच क्रमाने. टाइप करणाऱ्याची चूक लाल शाईने, लेखकाने आयत्या वेळी केलेला बदल निळ्याने. पैशांचा वाद निघाला की याचा उपयोग होतो. चुकून खोडलेलं परत हवं असेल तर त्याखाली टिंबं देऊन समासात 'ठेवा' लिहा.

लेखकाची भाषा सुधारायला जाऊ नका. कुणा आजोबांनी आठवणींत 'सराफ्यात रात्री भीड असायची' लिहिलं असेल तर पुणेकर संकोच समजतील, समजू देत. ती इंदूरची मराठी आहे, इथे भीड म्हणजे गर्दी. माहितीची चूक मात्र सोडायची नाही. अहिल्याबाईंची राजधानी महेश्वर. लेखात 'इंदूरच्या राजवाड्यातून कारभार पाहिला' असं आलं की समासात प्रश्नचिन्ह टाकून लेखकाला विचारा. अहिल्याबाईंच्या निधनाचं साल १७९५, त्याचं १७५९ व्हायला एक चुकार बोट पुरतं. आकडे असे एकेक करून वाचा. जाहिरातीतले फोन नंबर तर लावूनच बघा.

मथळे सर्वांत शेवटी, कारण मोठ्या अक्षरांत चूक असेल असं कुणाला वाटतच नाही. मुखपृष्ठ, अध्यक्षांचं नाव, अनुक्रमणिकेतले पानांचे आकडे.

दुसरं प्रूफ आलं की पहिलं शेजारी ठेवून प्रत्येक खूण उतरली का ते बघा, आणि दुरुस्तीच्या वरखालच्या ओळीही वाचा, कारण शब्द सरकून तिथे नवी मोडतोड झालेली असते. त्यावर 'दुरुस्त्या करून छापा' असं लिहू नका. गणपती तोंडावर आलेले असतात, प्रेसवाला घाई करतो, तरी 'दुरुस्त्या करून पुन्हा दाखवा' असंच लिहायचं. 'छापा' हा शब्द, खाली सही आणि तारीख, फक्त स्वच्छ प्रुफावर.