जाड फांदी उतरवताना खोडाची साल सोलू देऊ नका

निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागेवर सावली पडते म्हणून बांधावरच्या कडुनिंबाच्या, बाभळीच्या फांद्या उतरवायची कामं कायम निघतात. घाईत वरूनच करवत चालवली, की अर्धवट कापलेली फांदी स्वतःच्या वजनाने मोडते आणि खोडाची हातभर साल ओढून नेते. अशी जखम लवकर भरत नाही. पाणी मुरतं, बुरशी शिरते, आणि चांगलं झाड आतून पोखरत जातं.

म्हणून मनगटाएवढ्या किंवा त्याहून जाड फांदीला तीन काप द्या. पहिला काप खालून, खोडापासून फूटभर अंतरावर, फांदीच्या पाव जाडीपर्यंतच. जास्त खोल गेलात तर करवत अडकते. दुसरा वरून, पहिल्यापेक्षा दोन-तीन इंच बाहेर. फांदी तिथेच तुटून पडते, साल शाबूत राहते. मग उरलेला खुंट काढा. फांदीच्या बुडाशी सुजल्यासारखी जाड वळी दिसते, तिच्या लगेच बाहेरून कापा. जखम भरून काढणारी नवी साल तिथूनच येते, त्यामुळे वळी कधीच छाटू नका. खुंटही लांब ठेवू नका, तो कुजतो.

फांद्यांजवळून विजेची तार जात असेल तर महावितरणकडून लाइन बंद करून घेतल्याशिवाय झाडाला शिडी लावू नका, मालक कितीही घाई करो. आणि अख्खं झाडच तोडायचं असेल तर आधी लेखी परवानगी हातात घ्या.