ग्लूटेन बंद केलं, तरी पोट फुगायचं

सिलिअ‍ॅकचं, म्हणजे गहू-जवातल्या ग्लूटेन या प्रथिनाने लहान आतड्याच्या अस्तराला इजा होते त्या आजाराचं, निदान झाल्यावर गहू, रवा, जव सोडलं. बाजारातला तयार हिंगसुद्धा, कारण त्यात बहुधा मैदा असतो. ज्वारीची भाकरी सुरू केली. तरी दुपारी पोट नगाऱ्यासारखं टम्म! डाएट सोडा थांबवला, फरक नाही. मग शुगर-फ्री गोळ्या-चॉकलेटांची वेष्टनं वाचली. त्यावर साखरेऐवजी घातलेल्या गोड पदार्थांचे क्रमांक असतात: ४२० म्हणजे सॉर्बिटॉल, ९६५ म्हणजे माल्टिटॉल. ही लहान आतड्यात पूर्ण शोषली जात नाहीत. मोठ्या आतड्यातले जिवाणू ती आंबवतात, त्याचा गॅस होतो. आतड्याचं अस्तर भरून यायचं असेल तर त्रास आणखी. ती बंद केली आणि खरंच हायसं वाटलं. सोड्यातलं ९५१, अ‍ॅस्पार्टेम, या जातीचं नाही. आता जेवणानंतर अर्धा ग्लास, फेस बसू देऊन घेते, सोसतो.